माझ्या वैराग्याला आई आडवी आली नाही

अठराव्या वर्षी मी संसाराचा त्याग केला. संसार अजून सुरूच झालेला नव्हता, ही अडचण मला तेव्हा जाणवली नाही. त्यागण्याजोगं हाताशी होतं ते एवढंच: कॉलेजचं दुसरं वर्ष, दोन बऱ्या साड्या, ट्रामचा पास आणि आईबाबा. यांपैकी पास मी अखेरपर्यंत पिशवीच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवला होता. आता ते आठवलं की त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, आणि मग पासाबद्दल शाबासकीही द्यावीशी वाटते.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, तू कल्टमध्ये होतीस?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याबद्दल थोडा आदर होता. मी म्हटलं, अगं, आमच्या वेळी त्याला सत्संग म्हणायचे, आणि तो घरमालकिणीच्या ओळखीने मिळायचा. त्या संघाचं नाव मी इथे लिहीत नाही. तो अजून चालू आहे आणि अशा लोकांकडे वकील चांगले असतात. आम्ही सगळे त्याला नुसतं 'बाडी' म्हणायचो, म्हणजे घर. आपलं घर सोडून जिथे जायचं त्यालाच घर म्हणायचं, यात काही चुकतंय असं तिथे कोणालाही वाटत नसे.

बाबा बँकेत होते आणि बँकेने त्यांना नागपूरहून उचलून कलकत्त्यात आणून ठेवलं होतं. भवानीपूरच्या एका गल्लीत खालचा मजला आमचा, वरचा मालकांचा. मालक असून नसल्यासारखे. कारभार सगळा त्यांच्या बायकोचा, आम्ही त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचो. गल्ली अशी की पहाटे ट्रामची घंटा ऐकू यायची पण ट्राम कधी दिसायची नाही. सकाळी चहूकडून एकदम मोहरीच्या तेलाचा ठसका उठायचा, मागोमाग माशांचा वास, आणि त्या सगळ्यांतून आईच्या हिंगाच्या फोडणीचा एक बारीक धागा आमच्या खिडकीतून बाहेर पडायचा. संध्याकाळी घराघरांतून शंख वाजत. पहिल्या महिन्यात आईने घाबरून आपली दिवा लावायची वेळ अलीकडे घेतली, कारण तिला वाटलं आपण रोज उशीर करतो आहोत. बाजारात ती हिंदी बोलायची, पण त्यातली क्रियापदं मराठी असत आणि राग बंगाली. कोथिंबिरीला ती शेवटपर्यंत कोथिंबीरच म्हणाली. अखेर भाजीवाल्यानेच तो शब्द शिकून घेतला.

तिचा दिवस स्वयंपाकघरात उजाडायचा आणि तिथेच मावळायचा. बाबांचा डबा, माझा डबा, दुपारची निवडणं-टिपणं, मग चार वाजल्यापासून रात्रीची तयारी. तिला नावाने हाक मारणारं घरात कोणी नव्हतं. बाबा 'अगं' म्हणत, मी आई म्हणे, माशीमा आणि सारी गल्ली तिला 'बिजूर मा' म्हणत असे, म्हणजे विजूची आई. विजू ती मी. यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आईला नाव असतं हे शाळा-कॉलेजचे फॉर्म भरताना तेवढं आठवायचं.

ती वर्षं शहराला वाईट होती. गल्लीतल्या भिंती रातोरात लाल अक्षरांनी भरत. कॉलेजच्या फाटकाशी कधी पोलिसांची गाडी, कधी बंद. हुशार, सज्जन घरांतली मुलं एक दिवस दिसेनाशी होत आणि मग त्यांच्या आया खिडकीत उभ्या दिसत. लांब कुठे बॉम्ब फुटला की माशीमा वरून विचारत, "टायर होता का?" आणि आई खालून सांगे, "टायरच." टायर फुटल्याचा आवाज कसा असतो हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाबांचा स्वभाव असा की समोरून मिरवणूक आली तर ते जवळच्या दुकानात शिरत आणि ती संपेपर्यंत नको असलेल्या वस्तूची चौकशी करत उभे राहत. एकदा माझ्या पुस्तकात त्यांना एक पत्रक सापडलं. वर्गात कोणीतरी वाटलेलं. मी ते पान सापडावं म्हणून खुणेला घातलं होतं, आत काय आहे ते वाचलंही नव्हतं. बाबांनी ते शेगडीत जाळलं आणि राख कुठे टाकावी याचा विचार करत घरभर फिरत राहिले.

माशीमांना हे कळलं. त्या म्हणाल्या, माझ्याबरोबर पाठवा तिला, चांगलं चार शब्द ऐकेल, दिवेलागणीला घरी येईल. बाबांना केवढं हायसं वाटलं. "बॉम्बपेक्षा भजन बरं," ते म्हणाले. मला अभ्यास आहे असं मी सांगत होते तरी त्यांनी स्वतः माझ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. वयात आलेल्या मुलीला वैराग्याकडे असं ढकललेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण परगावी नोकरीला आलेल्या आपल्या माणसाला देवाधर्माची भीती कधी वाटतच नाही. तो घाबरतो फक्त पोलिसांच्या चौकशीला.

माशीमा मला घेऊन गेल्या त्या बाडीच्या नोतुनमाकडे. नोतुन म्हणजे नवी. पन्नाशीला आलेली ठेंगणी, सावळी बाई. पांढरी साडी, पांढरी शाल, आणि ऐकताना डोकं किंचित कलतं करायची सवय. तिची शिकवण तशी साधी होती. माणूस एकदा जन्मतो तो देहाच्या आईच्या पोटी, ती नुसती सुरुवात. दुसऱ्यांदा जन्मायचं तर नवी आई हवी आणि नवं नाव हवं, कारण नाव ही पहिली बेडी. आज कागदावर उतरवताना हे बाळबोध वाटतंय, पण तिच्या समोर बसल्यावर वाटायचं नाही. ती कोणाला काही पटवून देत नसे. ती ऐकत असे. ढोंगी होती का, असं नातीने विचारलं. मला तसं वाटत नाही. खरी होती असंही छातीवर हात ठेवून सांगवत नाही. मी पुढे जन्मभर शाळेत शिकवलं. आपल्याभोवती माणसं जमवून ठेवायची चटक काय असते ते मला चांगलं ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी तिने माझा हात हातात घेतला, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलीस शेवटी." झालं. बाबांच्या बदल्यांपायी सारख्या शाळा बदललेली मी. मराठी बोलले तर मंडळाच्या गणपतीत पुण्याच्या बायका हसणार, बंगाली बोलले तर वर्गातल्या मुली. माझी या जगात कोणी वाट पाहत होतं हे ऐकून मी जी रडायला लागले ती माशीमांचा पदर भिजेपर्यंत. 'आलीस शेवटी' हे ती सगळ्यांनाच म्हणते, हे मला पुढे कळलं. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही म्हणाली होती, आणि तोही रडला म्हणतात.

काही महिन्यांनी मला नवं नाव मिळालं. निःस्पृहा. विसर्गासकट ते नीट उच्चारता यावं म्हणून मी आरशासमोर सराव करत असे, यात सगळं आलं.

मग मी घरात असह्य झाले. कांदा-लसूण सोडला, गादी सोडली, पांढऱ्या साड्या नेसायला लागले आणि दाराच्या उंबऱ्यावर उगाचच थबकून उभी राहायला लागले, जणू कुठल्याशा लांबच्या हाकेकडे माझा कान आहे. आईला त्या दारातून गरम पातेलं घेऊन जायचं असे. जेवताना तिने भाजी वाढू का विचारलं की मी डोळे मिटून मंद हसायचे.

"हसू नकोस. वाढू की नको ते सांग."

"आई, वाढतं कोण आणि जेवतं कोण?"

"मी वाढते आणि तू जेवतेस. तू जन्मल्यापासून हे असंच चाललंय."

हावड्याहून बसने बरंच पुढे, गंगेच्या काठी, बाडीची मोठी वास्तू होती. थंडी पडायला लागली की तिथे व्रत देत. व्रत म्हणजे कायमचं तिथे राहणं. व्रत घेतलं की देहाच्या आईबापांना भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही, आई-बाबा हे शब्दही तोंडात आणायचे नाहीत. पूजेच्या सुट्टीनंतर मी कॉलेजात परत गेलेच नाही, आणि एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता सांगून टाकलं की मी व्रत घेणार.

बाबांनी बशी खाली ठेवली. "आणि परीक्षा?"

"परीक्षा कोणाची, बाबा?"

"बी.ए.ची."

"निःस्पृहाला परीक्षा नसते."

"तिला नसेल. विजयाला आहे."

बाबा ओरडणारे नव्हते. ते उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले. "मीच पाठवलं," ते म्हणाले, "चपला मीच आणून दिल्या हिच्या पुढ्यात." मग आईकडे वळून, "अगं, तू काहीतरी बोल ना."

आई पोह्यांतले शेंगदाणे बशीत एका कडेला लावत होती. आता ही रडणार, असं मला वाटलं. त्या रडण्याला द्यायचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं आणि ते फार करुण होतं.

"कधी जायचंय?" तिने विचारलं.

"गुरुवारी."

"बरं. मी पण येते."

"सोडायला?"

"राहायला. मोठ्या बायका घेतात ना तिथे? का नुसत्या मुलीच?"

मोठ्या बायकाही घेत असत. बाबांनी आईकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्यांच्या मनात उजेड पडला: ही मुलीला परत आणायचा काहीतरी डाव टाकते आहे. त्यांनी हळूच मान हलवली. मलाही तेच वाटलं. म्हटलं, येऊ दे. जमिनीवर निजून पाठ धरली की आपणच माघारी येईल.

गंगा ओलांडायला आम्ही लाँच धरली. मागे वळून पाहायचं नाही म्हणून मी नदीकडे पाठ करून बसले. लाँचमध्ये पाठ कुठेही केली तरी समोर नदीच येते, हे वैराग्याच्या प्रवचनांत कोणी सांगत नाही. घाटावरच्या फुलांच्या बाजारातून आईने शेवंतीची वेणी घेतली होती ती तिने लाँचमध्ये केसांत माळली.

"आई, आपण संसार सोडायला चाललोय."

"पोचल्यावर काढीन."

बाडीच्या फाटकाबाहेर एक दगडी बाक होता आणि त्यावर एक म्हातारी बाई मांडीवर डबा घेऊन बसलेली होती. आत आम्हाला शेफालीदी भेटली. नव्यांवर देखरेख तिची. चाळिशीची, तरतरीत, सतत हसतमुख. ती म्हणाली, बाहेर बसली आहे ना, ती माझी देहाची आई. अधूनमधून येते, काहीबाही करून आणते. दरवान डबा आत आणतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो.

"तुम्ही बाहेर जात नाही?"

"मला व्रत आहे ना," शेफालीदी हसून म्हणाली.

मला ते भव्य वाटलं. आपल्यालाही असं हसता यायला हवं, असं मी मनाशी ठरवलं. आई तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेली आणि त्या बाईला देऊन आली.

तिथे प्रत्येकाला काहीतरी सेवा करावी लागे. आईकडे एकदा पाहून शेफालीदीने गृहीतच धरलं. "मा, तुम्ही स्वयंपाकघर बघाल ना?"

"नाही," आई म्हणाली. इतकं सरळ नाही मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "लग्न झाल्यापासून तेच बघते आहे. दुसरं काहीही द्या."

"मग काय येतं तुम्हाला?"

आईने विचार केला. "पूर्वी पेटी यायची."

स्वयंपाकघर माझ्या वाट्याला आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात नाव द्यायचा विधी होता. नोतुनमा आसनावर, समोर आम्ही बायका. तिने आईचा हात हातात घेतला, नेहमीसारखं टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "आलीस शेवटी."

"हो, बसला गर्दी होती," आई म्हणाली.

नाव सुचावं म्हणून नोतुनमाने डोळे मिटले. तेवढ्यात आई म्हणाली, "एक सांगू का? माझं नाव एकदा बदलून झालेलं आहे."

"कोणी बदललं?"

"यांनी. म्हणजे सासरी." आणि मग आईने आपल्या त्या हिंदीत सगळ्यांना सांगितलं की आमच्यात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. त्या दिवसापासून माहेरचं नाव संपलं. बंगाली बायकांचं आडनाव बदलतं, पण नाव कशाला बदलतील? त्या ऐकतच राहिल्या.

"तुम्हाला विचारून ठरवतात?" शेफालीदीने विचारलं.

"विचारतात कुठे. तांदळात काय लिहिलं ते मला दिसलंसुद्धा नाही, मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या. मागाहून नणंदेने सांगितलं, तू सुमती." आईने पदर सारखा केला. "नाव चांगलं आहे. माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही आता देणारच असाल तर आणखी नवं नको. माझं पहिलं होतं ते द्या."

नोतुनमाने डोळे उघडले. तिच्या दुसऱ्या जन्माच्या शिकवणीत मागे जायची वाट नव्हती. डोकं कलतं करून ती बराच वेळ आईकडे बघत राहिली. "काय होतं?"

"वेणू."

"बेणू," ती म्हणाली. बंगाली जिभेवर व यायचा नाही. "आजपासून तू बेणू."

आणि मी पाहिलं, आई लाजली. मी अठरा वर्षं त्या बाईच्या हातचं जेवले होते आणि मला ते नाव माहीत नव्हतं. तिच्या माहेरी कोणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्या कानांवर पडायचा प्रश्नच आला नव्हता. निःस्पृहा हे नाव मला एकाएकी औषधाच्या बाटलीवरच्या नावासारखं वाटायला लागलं.

त्यानंतरचे दिवस मी काजळीत काढले. तिथल्या कढया एवढ्या मोठ्या की आतून घासायला अर्धं अंग आत घालावं लागे. पहाटे सगळे व्हरांड्यात गायला बसत, तेव्हा मी मागच्या चुलीपाशी खिचडीसाठी डाळ धूत असायचे. तिथे पेटीचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी चाचपडत, सूर चुकत. मग हळूहळू बोटांना आठवत गेलं असावं. मधूनच हसणं ऐकू यायचं, आणि ते हसणं आईचं आहे हे कळायला मला वेळ लागायचा. जिकडे तिकडे बेणूदी, बेणूदी. बेणूदी इकडे बस, बेणूदी ते मराठी गाणं म्हण. तिची पाठ दुखलीच नाही. नोतुनमाच्या आसनाजवळ बसायला मी वर्षभर धडपडत होते. आई तिथे पेटी घेऊन सहज बसे, पाय मुडपून, जणू माहेरच्या ओट्यावर बसली आहे. मला आधी राग आला. सगळ्या आसक्ती सोडल्याचं जाहीर केलेल्या मुलीला आपल्या आईचा मत्सर वाटावा, याला त्या संघात काय म्हणत ते मी कोणाला विचारलं नाही.

एकदा मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "आई, माझी दुसरी साडी कुठे आहे?"

"मला काय माहीत? शोध," ती म्हणाली, आणि पुन्हा पेटीकडे वळली. रागावून नाही. खरोखरच तिला माहीत नव्हतं. मी तशीच उभी राहिले. माझी वस्तू कुठे आहे हे आईला माहीत नाही, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

व्रताचा दिवस जवळ आला तेव्हा शेफालीदीने मला आनंदाने सांगितलं, बेणूदी पण घेणार बरं का. मी आतापर्यंत व्रताचा विचार केला होता तो मी सोडून जाते आहे आणि मागे कोणीतरी रडतंय, असा. कोणी मला सोडून जाईल, ही बाजू मनात आली नव्हती. त्याच दुपारी मी राख टाकायला फाटकाबाहेर गेले. बाकावर शेफालीदीची आई बसली होती. तिने मला जवळ बोलावलं. दरवानाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "माझी मुलगी आता जाड झाली आहे की बारीकच आहे?"

मी म्हटलं, "तशाच आहेत."

"तशीच कशी असेल," ती म्हणाली. "मी पाहिली तेव्हा ती तुझ्याएवढी होती."

मला त्या बाकावर बाबा दिसले. मांडीवर डबा घेऊन बसलेले बाबा. त्यांना साधा चहा करता येत नव्हता. डब्यात त्यांनी आणली असती ती बिस्किटं. आणि त्यांच्या शेजारी मीही बसले होते, कारण आता उघडच होतं की आमच्या दोघींपैकी व्रत निभावणारी कोण आहे. मी राखेची पाटी तिथेच टाकली आणि घाटाकडे धावले.

घाटाच्या पायऱ्यांवर चार-पाच बायका पूजेची फुलं निवडत बसल्या होत्या. आई माझ्याकडे पाठ करून होती. मी "आई" म्हणून हाक मारली. तिने मान वळवली नाही. मी पुन्हा मारली, आणखी मोठ्याने. ती शेजारणीला काही सांगत होती, सांगतच राहिली. मग माझ्या तोंडून निघालं, "बेणूदी."

ती वळली. "काय गं?"

"घरी चल."

"कोण?"

"आपण."

"आणि तुझं व्रत?"

"मला नको."

ती शेवंतीचे देठ खुडत होती. "मग तू जा. बस फाटकाशीच मिळते. बाबा आहेत घरी."

"आणि तू?"

"मी बरी आहे इथे."

ती हे टोचून बोलली असती तर मला धीर आला असता. पण ती साधंच बोलत होती, जसं कोणी विचारल्यावर तब्येत सांगावी.

"तू मला न्यायला आली होतीस ना?"

"असं मी कधी म्हटलं?"

खरंच म्हटलं नव्हतं. मी रडायला लागले. "तू मला धडा शिकवते आहेस."

"वेडी आहेस का? प्रत्येक गोष्ट मी तुझ्यासाठी करते असं कोणी सांगितलं तुला?"

लहानपणी बाजारात हट्ट करताना मी जे करायचे तेच मग केलं. तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि पायरीवर फतकल मारून बसले. काजळीने माखलेली, नाक ओढणारी, एकोणिसाव्या वर्षाला टेकलेली संन्यासिनी. बाकीच्या बायका फुलांच्या परड्या घेऊन निघून गेल्या. आई नदीकडे बघत राहिली. समोरून विटांनी भरलेली एक नाव हळूहळू वळणाआड गेली.

"सकाळी उठल्या उठल्या मला पेटी वाजवायला लागते," ती मग म्हणाली.

"वाजव."

"त्या वेळी चहा कोण करणार?"

"मी करीन."

"बाबांचा डबा?"

"तो पण."

"तुला येतं काय त्यातलं?"

"इथे शिकले."

त्यावर ती हसली, आणि मग उठली. नोतुनमाला सांगायला ती एकटी गेली. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बराच वेळ लागला एवढं खरं. आम्ही निघालो तेव्हा नोतुनमा फाटकापर्यंत आली. असं ती कोणासाठी येत नसे. तिने आईचा हात धरून विचारलं, "जातेस?"

"ही ऐकत नाही," आई म्हणाली.

मला नोतुनमा काहीच म्हणाली नाही, आणि खरं सांगायचं तर तेही मला लागलं.

बाबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, घरात जळक्या दुधाचा वास. "दोघी?" त्यांनी विचारलं.

"विजूला नाही जमलं," आई म्हणाली आणि हात-पाय धुवायला गेली.

बाबांनी तिच्याकडे ज्या कृतज्ञतेने पाहिलं ती जन्मभर टिकली. पुढे जो भेटेल त्याला ते सांगत, हिने कशी युक्ती केली, एका शब्दाने रागावली नाही, बरोबर जाऊन पोरीला बरोबर परत आणलं. आई तिथेच असली तरी हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. मीही ही गोष्ट तशीच मानली असती. तशीच सांगत आले असते, मुलांना, नातीला, सोयीची आहे.

पण परत आल्यावर दुसऱ्या दिवशी जेवताना मी दही मागितलं. आई म्हणाली, विरजण नाही. वाटी घेतली आणि जिना चढून माशीमांकडे निघाली. मी का कोण जाणे, मागोमाग गेले. आमच्या घरचं ते विरजण आईच्या सासूच्या हातचं. प्रत्येक बदलीत आई ते छोट्या बरणीत घालून, रेल्वेत मांडीवर धरून, स्वतः नेत असे. कुठे चार दिवस जायचं झालं तर शेजारी ठेवायला देई, आणि आल्याबरोबर घेऊन येई.

माशीमांनी दार उघडलं. आईने वाटी पुढे केली. "चमचाभर विरजण द्या."

माशीमा घोटाळल्या. "पण जाताना तुम्हीच म्हणालात ना, ठेवायला देत नाही, आता तुमचंच झालं हे. मी त्यात गूळ घालून लावलं हो दही. आमच्याकडे गोडच लागतं."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "चालेल," ती म्हणाली, आणि वाटी धरून उभी राहिली.

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरचं दही गोडसर लागायचं. बाबा रोज कुरकुर करत. आई त्यांच्या भातावर ते वाढताना म्हणायची, "होईल आंबट हळूहळू."